एकतर्फी निकाल
(तृतीय वर्ष, कला)

कोर्टाच्या भाषेत ‘एकतर्फी निकाल’ याला एक ठराविक अर्थ आहे. समन्स बजावूनही प्रतिवादी हजर राहिला नाही, तर न्यायाधीश वादीचे म्हणणे ऐकून निकाल देतात. तो एकतर्फी निकाल. वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर हाच शब्द आपण वरचेवर वाचतो. फरक इतकाच, की तेथे प्रतिवादी हजर असतो. सातच्या सात गडी, पाठीवर क्रमांक लावून, सामना संपेपर्यंत मैदानात उभे असतात. आणि तरीही निकाल एकतर्फी लागतो. बातमीत विजयी संघाच्या चढाईपटूचे नाव येते, त्याचे गुण येतात. पराभूत संघाच्या वाट्याला ‘प्रतिकार करू शकला नाही’ एवढे अर्धे वाक्य येते. त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतलेले नसते. माझ्या मते ते ऐकण्याजोगे असते, आणि या लेखापुरते तरी मी त्याचेच वकीलपत्र घेतले आहे.

मी मोरव्याची. भाईंदर स्टेशनला पश्चिमेस उतरून उत्तनच्या रस्त्याला लागले की मुर्धा, राई, मोरवा ही गावे लागतात. २००२ साली मिरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, तेव्हापासून आम्ही कागदोपत्री महानगरातले. पण एका बाजूला मिठागरे आणि खाडी, दुसऱ्या बाजूला देवळापुढचे अंगण, हे गावपण अजून पुरते सुटलेले नाही. आमच्याकडे मुलाला चालता येऊ लागले की तो कबड्डी बघू लागतो. आमच्या वडिलांच्या पिढीने भात कापून झाल्यावर रिकाम्या शेतात ढेकळे फोडून मैदाने केली. तेव्हा ‘एकतर्फी’ सामन्यांविषयी मी लिहिते आहे ते पुस्तकात वाचून नव्हे; बघून आणि खेळून लिहिते आहे.

प्रथम हे पाहू, की सामना एकतर्फी होतो तो कसा. कबड्डी न खेळलेल्या माणसाला वाटते, एक संघ बलवान, दुसरा दुबळा, म्हणून फरक पडतो. हे अर्धेच खरे आहे. संजीवनी पद्धतीच्या कबड्डीत, म्हणजे आज सर्वत्र जी खेळली जाते तीत, गडी बाद झाला की बाहेर जाऊन बसतो आणि त्याच्या संघाने गुण मिळवला की ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने गडी परत येतात. आता समजा, एका संघाचा एकुलता एक चांगला चढाईपटू सुरुवातीलाच पकडला गेला. त्याला जिवंत करायचे तर कोणीतरी गुण आणला पाहिजे, आणि गुण आणणारा तर तोच! मग उरलेले सहा जण भीत भीत चढाई करतात, मध्यरेषेपाशी घुटमळून परत येतात, नाहीतर पकडले जातात. सहाचे पाच होतात, पाचाचे तीन. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस गुण मिळतो, हे खरे. पण तो आणायलाही पाय लांब टाकण्याची छाती लागते. दोन संघांतला फरक मुळात चार-पाच गुणांचा असतो. घसरण सुरू झाली की तो वीस-पंचवीस गुणांचा होऊन बसतो. दुबळेपणाला व्याज लागते, आणि ते चक्रवाढ असते.

पण आपल्या या खेळातच त्या व्याजावर एक तोडगा करून ठेवलेला आहे, आणि त्याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. तो म्हणजे लोण. सातही गडी बाद झाले की विरुद्ध संघाला दोन जादा गुण मिळतात. तेवढ्यासाठीच लोण ही मोठी नामुष्की मानली जाते. परंतु त्याच क्षणी आणखी एक गोष्ट घडते: बाद झालेले सातही जण पुन्हा मैदानात उतरतात. दंड झाला आणि कर्ज माफ झाले! पुढची चढाई पुन्हा भरलेल्या मैदानावर. जुन्या गामिनी पद्धतीत गडी एकदा बाद झाला की सारा संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच राही. गुण मिळवून एकेकाला परत आणण्याची सोय नव्हती. अमर पद्धतीत उलट; गडी बाद झाला तरी मैदान सोडायचा नाही, नुसता गुण मोजायचा. एकीत शिक्षा फार, दुसरीत शिक्षाच नाही. आमच्या गावातले एक जुने खेळाडू, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते सांगतात, “गामिनीत चांगला गडी अर्धा सामना बसून गवत उपटायचा.” संजीवनीने मधला मार्ग काढला. हरणाऱ्याला शिक्षा करावी, पण त्याला खेळातून उठवू नये, हा त्या नियमामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

या शहाणपणाची किंमत कळण्यासाठी थोडे दूर, ऑस्ट्रेलिया-इंग्लंडकडे पाहू. तिकडे रग्बी लीग नावाचा एक खेळ आहे. उत्तर इंग्लंडमधील गिरण्या-खाणींच्या गावांतील क्लबांनी १८९५ साली हडर्सफील्ड येथे मूळ रग्बी संघटनेपासून फारकत घेतली. कामाची खाडे पडून खेळणाऱ्या मजुरांना बुडीत रोज द्यावा की नाही, हा वाद होता. आपल्या लालबाग-परळच्या गिरणगावात कबड्डी जशी रुजली, तसाच हा कामगारांचा खेळ. दोन्हीकडे तेरा-तेरा खेळाडू. अंडाकृती चेंडू घेऊन पळायचे. समोरच्यांनी पकड करायची. सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या संघाकडे. रेषेपलीकडे चेंडू टेकवला की चार गुण. आपल्या पकडीची सवय असलेल्या माणसाला तो खेळ परका वाटू नये.

परंतु त्यात एक नियम असा आहे, की ज्याने गुण खाल्ले त्यानेच पुन्हा चेंडू लाथाडून समोरच्याला द्यायचा. फुटबॉलमध्ये गोल झाला की चेंडू गोल खाणाऱ्याकडे येतो. येथे तो गोल करणाऱ्याकडे परत जातो! जो पळतो आहे त्यालाच पुन्हा पळायला मिळते. जो पकडी करून दमला त्याला पुन्हा पकडी कराव्या लागतात. त्यात ऑस्ट्रेलियाच्या व्यावसायिक स्पर्धेने २०२० साली खेळ वेगवान करण्यासाठी आणखी एक बदल केला. पकडीच्या जागी बचाव करणाऱ्याने नियम मोडला, तर खेळ थांबवून दंडाची लाथ देण्याऐवजी चेंडूवाल्याला लगेच नव्याने सहा पकडी मोजून मिळू लागल्या. २०२१ मध्ये ही शिक्षा आणखी काही चुकांना लागू झाली. खेळ वेगवान झाला खरा; पण त्या हंगामात एकतर्फी निकालांची इतकी ओरड झाली, की २०२२ मध्ये नियमाला मुरड घालावी लागली. चेंडूवाला संघ स्वतःच्या टोकाकडील चाळीस मीटरांत असेल, तर पुन्हा दंडाचीच लाथ द्यावी, असे ठरले. दमलेल्याला श्वास घ्यायची उसंत काढून घेतली, तर बलवान अधिकच बलवान दिसू लागतो, हा त्यातला धडा. विश्वचषकासारख्या स्पर्धेतही, २००० साली, ऑस्ट्रेलियाने रशियाला ११०-४ असे हरवले होते. एकशे दहा! हा आकडा लक्षात राहतो, सामना मात्र कोणाच्याच लक्षात राहत नाही.

आपल्याकडेही गुणांची भूक वाढली आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि घरोघरच्या दूरदर्शन संचावर कबड्डी आली, याचा आनंद मोरव्यात जेवढा झाला तेवढा क्वचितच कोठे झाला असेल. तिच्यामुळे घराघरांत पोहोचलेले दोन नियम मात्र वेगवेगळ्या वृत्तीचे आहेत. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. या नियमाने रेंगाळणे थांबले, गुण वाढले. पण ज्याच्याकडे चढाईपटूच नाही, अशा संघाला तो दर तिसऱ्या चढाईला एक गडी गमवायला लावतो. उलट ‘अव्वल पकड’ पाहा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण. हा नियम हरणाऱ्याच्या बाजूचा आहे. तिघे उरलेल्या संघालाही तो सांगतो, की तुमच्या हातात अजून काही आहे. पहिला नियम गुण वाढवतो, दुसरा झुंज वाढवतो. गुण वाढणे आणि झुंज वाढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरतो. २०१७ च्या बाद फेरीत पाटण्याच्या प्रदीप नरवालने हरयाणाविरुद्ध एकट्याने चढायांचे ३४ गुण मिळवले, त्यांतले आठ एकाच चढाईत. सामना ६९-३० असा संपला. तो पराक्रम मीही तोंडात बोट घालून पाहिला. पण शेवटच्या दहा मिनिटांत मी सामना पाहत नव्हते, एक माणूस पाहत होते.

याच स्पर्धेतला आणखी एक नियम मला फार आवडे. सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलेल्या संघाला गुणतक्त्यात एक गुण मिळे. हरत असलेला संघ शेवटच्या मिनिटापर्यंत धडपडे, कारण पंधरावरून सातवर येण्यालाही मोल होते. २०२५ च्या हंगामात विजयाला दोन, पराभवाला शून्य असा सुटसुटीत हिशेब आला आणि तो एक गुण गेला. हिशेब सोपा झाला हे कबूल. पण हरणाऱ्याला शेवटपर्यंत खेळात धरून ठेवणारी एक दोरी कापली गेली, हेही कबूल केले पाहिजे.

येथे काही वाचक म्हणतील, “बलवान संघानेच जरा सबुरीने घ्यावे. समोरचा दुबळा दिसला की हात आखडावा.” हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला, तरी मला तो पटत नाही. ज्याच्याविरुद्ध मुद्दाम हळू खेळले गेले आहे, त्यालाच त्याचा अपमान कळतो. दोष जिंकणाऱ्याच्या पराक्रमात नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला काठेवाडविरुद्ध रणजी सामन्यात भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या तेव्हाच्या विक्रमाला नऊ धावा कमी. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळायला नकार दिला आणि सामना तेथेच संपला. आपण आजवर हळहळतो ती निंबाळकरांसाठी, आणि ते योग्यच आहे. पण काठेवाडचे अकरा जण त्या उन्हात कशासाठी उभे होते, हा प्रश्न आपण विचारत नाही. त्यांच्यासाठी त्या सामन्यात मिळवण्यासारखे काही उरले नव्हते. म्हणून ते गेले.

आमच्याच ठाणे जिल्ह्यात, कल्याणला, जानेवारी २०१६ मध्ये शालेय स्पर्धेत प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाच्या मुलाने जगाचा विक्रम मोडला, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला, आणि समोरची मुले ३१ आणि ५२ धावांत बाद झाली. एक डाव आणि १३८२ धावांनी पराभव! प्रणवने काय करायला हवे होते? धावा काढायला हव्याच होत्या. ते त्याचे काम होते. प्रश्न त्याला विचारायचा नसून, या दोन संघांना एकमेकांसमोर उभे करणाऱ्या व्यवस्थेला विचारायचा आहे.

दरी बुजते कशी, हेही कबड्डीनेच दाखवले आहे. १९९० पासून २०१४ पर्यंत झालेल्या सातही आशियाई स्पर्धांत पुरुषांचे सुवर्णपदक भारताचेच. आपल्याला वाटू लागले होते, की हे पदक सात-बाराच्या उताऱ्यावर लिहिलेले आहे. २०१६ च्या अहमदाबाद येथील विश्वचषकात भारताने अर्जेंटिनाला ७४-२०, इंग्लंडला ६९-१८ आणि उपांत्य सामन्यात थायलंडला ७३-२० असे हरवले. या तीन विजयांपैकी एक तरी आज कोणाला आठवतो काय? आठवतो तो पहिला सामना, ज्यात दक्षिण कोरियाने आपल्याला ३४-३२ असे हरवले. आणि आठवतो तो इराणविरुद्धचा अंतिम सामना, जो आपण ३८-२९ असा खेचून आणला. कोरियाचा जांग कुन ली आणि इराणचा फझल अत्राचली हे दोघेही आपल्याच प्रो कबड्डीत, आपल्याच मुलांबरोबर खेळून तयार झालेले. दुबळ्याला आपण पंक्तीत बसवले आणि तो बरोबरीचा झाला.

मुलींच्या बाबतीत तर गोष्ट आणखी घरची आहे. २०१८ साली जाकार्ता येथे इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवले. त्यांच्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या! काहींना त्यांचा राग आला. मला वाटते, कबड्डीची एवढी मोठी सेवा त्या वर्षी दुसऱ्या कोणी केली नाही. पुढच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये हांगझौला, भारतीय महिलांनी तैवानच्या संघाला २६-२५ असे एका गुणाने हरवून सुवर्ण परत आणले. तो एक गुण ७४-२० मधल्या चोपन्न गुणांहून मोठा आहे, असे मी म्हटले तर खेळणारी कोणतीही मुलगी मान डोलवील.

आता घरचा हिशेब. मी प्रथम वर्षाला असताना आमच्या महाविद्यालयाचा मुलींचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरला होता. आमच्यापैकी तिघी गावाकडे खेळलेल्या, बाकीच्या एका महिन्यात तयार केलेल्या. सराव लाल मातीवर, सामना मॅटवर. मॅटवर पाय कसा फिरवायचा, हेसुद्धा आम्ही सामन्यातच शिकत होतो. समोर राज्य पातळीवर खेळलेल्या मुली. मध्यंतरापर्यंत तीन लोण झाले, आणि सामना संपला तेव्हा आमच्या नावावर दहा गुणही नव्हते. आमच्यासाठी स्पर्धा तेथेच संपली. एका महिन्याचा सराव, दोन गाड्या बदलून केलेला प्रवास, घरच्यांच्या काढलेल्या समजुती, आणि खेळ फक्त एक सामना. पुढच्या वर्षी सूचनाफलकावर नावे मागवली, तेव्हा चार आली. संघ उतरला नाही. यंदाही नाही. एकतर्फी निकालाचे खरे नुकसान गुणफलकावर दिसत नाही. ते पुढच्या वर्षीच्या सूचनाफलकावर दिसते.

यात त्या विजयी मुलींचा काही दोष नाही, आणि आमचाही नाही. दोष आहे तो बाद पद्धतीचा. सोळा संघ असले, तर बाद पद्धतीत पंधरा सामन्यांत स्पर्धा आटोपते, आणि सोळांपैकी आठ संघ एकेक सामना खेळून घरी जातात. ज्यांना सामन्यांची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ते सर्वांत कमी मिळतात! चार-चारांचे चार गट करून साखळी खेळवली, तर उपांत्य व अंतिम सामने धरून सत्तावीस सामने होतात, पण प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. पहिल्यात लोण खाल्ले, तर दुसऱ्यात सुधारता येते, तिसऱ्यात एखादा जिंकताही येतो. तेवढे दिवस, पंच आणि पैसे नाहीत, असे आयोजक म्हणतील. ठीक आहे. मग पहिल्या फेरीत हरलेल्या आठ संघांची निराळी बाद स्पर्धा घ्यावी. तिला सामने लागतात अवघे सात. त्या सात सामन्यांनी किती संघ पुढच्या वर्षी पुन्हा उतरतील, याचा विचार व्हावा.

आणखी दोन गोष्टी तर आपल्या महाविद्यालयाच्या हातातल्या आहेत. वर्गा-वर्गांच्या स्पर्धेत सात गुणांच्या आत हरणाऱ्या वर्गाला एक गुण द्यावा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. आणि ज्या महाविद्यालयाने आपल्याला हरवले, त्यांच्याकडे वर्षातून चार रविवार सरावाला पाठवावे. ते नाही म्हणणार नाहीत, असा माझा अनुभव आहे. त्या दिवशी सामना संपल्यावर त्यांच्या कर्णधार मुलीने मला बाजूला घेऊन कोपऱ्यातून घोटा कसा धरायचा, तो दोनदा करून दाखवला होता. तिला जे सुचले ते आयोजकांना सुचू नये, असे थोडेच आहे?

माझे हे शेवटचे वर्ष. पुढच्या जुलैत सूचनाफलकावर मुलींच्या कबड्डी संघासाठी पुन्हा नावे मागवली जातील. प्रथम वर्षाच्या ज्या मैत्रिणी हा अंक चाळीत असतील, त्यांना एवढेच सांगणे, की नाव द्या. लोण बसेल. पण नियमच असा आहे, की लोण बसल्यावर सातही जणी पुन्हा मैदानात येतात.